फोनवरून लावलेला पाय

१२ एप्रिल २०२०, रविवार

प्रांजलने फोनवर हुकूम काढला म्हणून हे लिहितोय. म्हणाली, "दादा, तू तिथे नुसता बसून असतोस ना? मग रोज एक पान लिही. संध्याकाळी सात वाजता मला वाचून दाखवायचं. मी शेरा देणार."

मी म्हटलं, "अगं, मी आठवीत शाळा सोडली. आता कसली शिक्षा?"

"म्हणूनच," म्हणाली.

चौथीतली पोर. शाळा बंद, वर्गात मॉनिटर होती तेही बंद, आता हुकूम चालवायला मी एकटाच उरलोय. डायरी प्रॉडक्शनवाले टाकून गेले त्यातली. वर सोनेरी अक्षरं आहेत, आत सगळं कोरं.

प्रांजलबाईंचा नियम, आधी स्वतःबद्दल लिहायचं. तर मी सिद्धेश घाडी, वय चोवीस, राहणार भांडुप पश्चिम, टेकडीवर, एकशे चौदा पायऱ्या. घरी आई सुलक्षणा आणि बहीण प्रांजल. बाबा प्रांजल पोटात असतानाच गेले. काम लाईटमन, गोरेगावच्या स्टुडिओत. त्याआधी कुरिअर केलं, केबल केली, पवईत एसी बसवले. आई म्हणते, तुझा पाय एका जागी ठरत नाही.

आत्ता मात्र ठरलाय. दहा दिवसांच्या शूटिंगला हिमाचलात आलो. लॉकडाऊन लागायच्या आदल्या दिवशी सगळं युनिट गाड्या करून पळालं. मला आणि जनरेटर व्हॅनच्या शिवदासभाऊंना सांगितलं, सामान सांभाळा, चार दिवसांत सोय करतो. आज एकविसावा दिवस.

शेरा मिळाला: बरा. अक्षर कसे आहे ते फोनवर दिसले नाही.

१५ एप्रिल, बुधवार

आज शिवदासभाऊंनी केबलचा ड्रम उचलला आणि वाकलेलेच राहिले. कमरेत उसण भरली. मी म्हटलं, झोपा पालथे. बूट काढला, मोजा काढला, डावा पाय त्यांच्या कमरेवर तीनदा लावला. हे करताना बोलायचं नसतं. अर्ध्या तासाने भाऊ उठून चहा ठेवायला गेले.

"हे काय केलंस रे?"

"मी पायाळू आहे."

भाऊ जालन्याकडचे, त्यांना समजावायला लागलं नाही. जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी आले. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते. आमच्या चाळीत मी चार वर्षांचा असल्यापासून लोक माझ्यासमोर पालथे पडतायत. शेजारचे लवूकाका जुने गिरणीवाले, त्यांची पाठ महिन्यातून एकदा तरी धरते. गॅलरीत येऊन आडवे होतात, भिंतीकडे तोंड करतात, काही मागत नाहीत. मी पाय लावला की बिस्किटाचा पुडा ठेवून जातात. पावसाळ्यात वीज कडाडली की आई मला आत ओढते, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. आणि काम मला मिळालं विजेचं.

खरं सांगू, ही एकच गोष्ट मला शाळेशिवाय येते.

शेरा: चांगले. पण नखे काप.

१९ एप्रिल, रविवार

चाळ सील केली. खालच्या नळाजवळ एक जण पॉझिटिव्ह निघाला. पायऱ्यांच्या तोंडाशी बांबू बांधलेत, पोलीस बसवलाय. रोज सकाळी दहाला पालिकेची माणसं वर येतात आणि कपाळाला गन लावतात. ताप निघाला की आख्खं घर उचलून सेंटरला नेतात, चौदा दिवस. खालच्या गल्लीतल्या नाईकांचं घर नेलं. आई म्हणाली, दाराला कुलूप आहे आणि आतला पंखा तसाच फिरतोय.

आईचं पवईचं जेवणाचं काम बंदच आहे. तिला भीती एकच, प्रांजलला तिच्यापासून वेगळं ठेवतील.

२२ एप्रिल, बुधवार

आज शेरा नाही. प्रांजल म्हणाली, पोटात दुखतंय, बेंबीपाशी. दुपारी उलटी झाली. जेवली नाही. आईचा राग कैरीवर. लवूकाकांनी कुठूनशी मिठातली कैरी दिली होती, तिने एकटीने संपवली.

मी म्हटलं, चोरून खाल्लं की असंच होतं. नेहमी उलट बोलणारी, आज नुसतं "हं" म्हणाली.

२३ एप्रिल, गुरुवार

दुखणं हललं. बेंबीपाशी नाही आता, खाली उजवीकडे आहे, जांघेच्या वर. वाकून चालते. उजवा पाय सरळ केला की रडते. आईने लगेच ओळखलं की ही उसण आहे. परवा खालून पाण्याची कळशी आणली तिने, नको सांगितलं तरी. लवूकाकांनीही पाहिलं. त्यांचा आवाज मागून ऐकू आला, "उसणच ती. पायाळू घरातलो, आणि जाऊन बसलो बर्फात!"

खालच्या डॉक्टरांचा दवाखाना महिनाभर बंद आहे.

शेजारची मानसी घाटकोपरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवरून घरी येऊ देत नाहीत, वॉर्डात ड्यूटी लावलीय. तिला सहज मेसेज केला. (सहज म्हणजे, रोज काहीतरी कारण शोधतो. हे पान वाचताना हे वाक्य गाळायचं.) तिने लगेच विचारलं, उजवीकडे खाली आहे का? हात दाबून सोडला की जास्त दुखतं का? ताप? दाखवून घ्या, थांबू नका.

मी लिहिलं, मॅडम, अजून दुसऱ्याच वर्षाला आहात, उसण शिकवली नाही वाटतं अजून.

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज एक गोष्ट केली जी जगात कोणी केली नसेल.

आई रडकुंडीला आली होती. प्रांजल रात्रभर कण्हत होती. आई म्हणाली, "तू इथे असतंस तर एका मिनटात उतरली असती." हे मला लागलं. मी म्हटलं, आई, व्हिडिओ कॉल कर. पायच लावायचाय ना?

गावात नेटवर्क फक्त वर, सफरचंदवाल्यांच्या पाण्याच्या टाकीपाशी मिळतं. सकाळी अकराला तिथे गेलो. मोजा काढला तर पाय गारठून लाल. प्रांजल अंथरुणावर कुशीला, गुडघे पोटाशी. केस विंचरलेले नव्हते. मी पाय कॅमेऱ्यासमोर धरला.

"ईऽऽ दादा! कापली नाहीस नखं!"

हसली. मग लगेच तोंड वाकडं केलं.

मी आईला सांगितलं, आता फोन तिच्या दुखऱ्या जागेवर उलटा ठेव. मी इकडे माझा फोन सपाट दगडावर ठेवतो आणि त्याच्यावर पाय लावतो. तू तिकडे त्याच वेळी दाब. तीनदा. कोणी बोलायचं नाही.

फोन दगडावर ठेवला तेव्हा स्क्रीन काळी झाली होती. तिच्या फ्रॉकचा काळोख असेल. मी पाय ठेवला. आई मोजत होती, एक. प्रांजल ओरडली, "आई गं, हळू!" बोलायचं नसतं तरी मी वाकून ओरडलो, दाब, जोरात दाब, उसण निघताना दुखतेच. दोन. तीन.

फोन उचलला तर काच थंड होती आणि माझ्या अंगठ्याचा ठसा होता. आईने फोन सरळ केला तर प्रांजलचे डोळे मिटलेले आणि गालावरून पाणी. मी म्हटलं, शूर आहेस.

टाकीपाशी एक गाय आणि शिवदासभाऊ बघत होते. भाऊ म्हणाले, "पोरा, मी तीस वर्षं शूटिंगमध्ये आहे. असला सीन कुणी लिहिला नाही."

२५ एप्रिल, शनिवार

थांबलं! दुखणं थांबलं!

सकाळी उठली तेव्हाही दुखत होतं, आणि दहाच्या सुमारास एकदम गेलं. आई म्हणाली, "कोणी बटण बंद करावं तसं." पाय पण थोडा सरळ झाला. दोन चमचे पेज खाल्ली आणि झोपली. लवूकाकांनी चाळभर सांगितलं. तीन घरांतून फोन आले, एकाला मान धरलीय, एकाला पाठ. शिवदासभाऊ म्हणतात, व्हॅनवर पाटी लाव, येथे ऑनलाईन पाय लावून मिळेल.

मी टाकीपाशी उगाच दोन फेऱ्या मारल्या. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. आजवर सगळ्या कामांत मी हेल्परच होतो. कोणी तरी जगात माझ्यामुळे बरं झालं.

मानसीला लिहिलं, मॅडम, पेशंट ठणठणीत. फी पाठवा. ती ड्यूटीवर असावी.

संध्याकाळी शेरा मिळाला. आवाज बारीक होता, झोपेतला. "दादाचा पाय पास."

२६ एप्रिल, रविवार

प्रांजलला ताप आलाय. अंग तापलेलं, आईने काखेत थर्मामीटर लावलं तर एकशे एक. दुखत मात्र नाही म्हणते, नुसती पडून आहे. आई घाबरली ती तापाला नाही, उद्या दहाच्या गनला. खोकला नाही, सर्दी नाही, पण ते कोण ऐकणार? नाईकांच्या घरातला पंखा तिच्या डोक्यातून जात नाही.

मी युक्ती सांगितली. मार्चमध्ये इथल्या हॉटेलवाल्याने गन लावायला सुरुवात केली तेव्हा आमच्यातल्या तिघांनी हेच केलं होतं. नऊला तापाची गोळी द्यायची, अर्धी, कपाळावर ओलं फडकं फिरवायचं. दहाला गन काही बोलत नाही.

आई म्हणाली, "खोटं ना रे ते?"

मी म्हटलं, दोन दिवसांचा ताप आहे. चौदा दिवस नको ना त्याच्यासाठी.

२७ एप्रिल, सोमवार

गन नॉर्मल. पालिकेची बाई प्रांजलला म्हणाली, "काय गं, चेहरा का उतरलाय?" आई म्हणाली, झोप झाली नाही. बाई पुढे गेली. आईने मला फोन करून सांगितलं तेव्हा मी हवेत मूठ उडवली.

दुपारी चारला परत फोन. पोट फुगलंय, ढोलासारखं घट्ट. हात लावू देत नाही. हिरवी उलटी झाली. आईने माझ्याआधी मानसीला लावला होता. मानसी कधी मोठ्याने बोलत नाही. आई म्हणाली, "ती माझ्यावर ओरडली रे. आत्ताच्या आत्ता खाली घेऊन जा म्हणाली."

२८ एप्रिल, मंगळवार

एकेक लिहितो, नाहीतर डोक्यात राहणार नाही.

कालच संध्याकाळी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. लवूकाकांनी एक बाजू धरली, सत्तर वर्षांचा माणूस, आणि गल्लीतल्या दोन पोरांनी बाकीची. एकशे चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरीला ती दात आवळायची. बांबूपाशी पोलिसाने तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता स्वतः बांबू सोडला. ज्याला आम्ही आठ दिवस घाबरत होतो त्याने एक शब्द विचारला नाही. रिक्षा पण त्यानेच थांबवली.

पहिल्या हॉस्पिटलात दाराशीच सांगितलं, इथे आता फक्त कोविड. दुसरं खाजगी होतं, मुलुंडच्या बाजूला. त्यांनी कपाळाला गन लावली, एकशे तीन. म्हणाले, ताप आहे, टेस्टचा रिपोर्ट घेऊन या. आई म्हणाली, पोट बघा हो आधी. ते म्हणाले, नियम आहे. तिसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात घेतलं. तापवाल्यांच्या वॉर्डात. नाकातून नमुना घेतला. तिथल्या डॉक्टरने पोट पाहिलं आणि म्हणाला अपेंडिक्स आहे, आत फुटलंय. ऑपरेशन लागेल. पण रिपोर्ट उद्या.

आईला अपेंडिक्स म्हणता येत नव्हतं. मला तीनदा सांगितलं तेव्हा कळलं.

उसण नव्हती.

मी प्रॉडक्शनला अकरा फोन केले. म्हणाले, पास नाही, सामान सोडून हलायचं नाही. शिवदासभाऊंनी माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला. मग पांढऱ्या थर्माकोलवर काळ्या टेपने मोठी अक्षरं चिकटवली, HOSPITAL GENERATOR, आणि व्हॅनच्या काचेवर लावली. म्हणाले, बस.

२९ एप्रिल, बुधवार

राज्याच्या हद्दीवर अडवलं. भाऊंनी सगळ्या थापा मारल्या. अधिकारी भला होता, पण विचारलं, कोणतं हॉस्पिटल? मी म्हटलं, मुंबई. त्याने पाटी काढायला लावली आणि व्हॅन मागे फिरवली.

दुपारी मानसीचा फोन. प्रांजलच्या हॉस्पिटलातल्या सर्जन बाईंनी रिपोर्टची वाट पाहणं सोडून दिलं. अंगावर तो पांढरा सूट चढवला आणि प्रांजलला आत घेतलं. अडीच तास. बाहेर येऊन आईला म्हणाल्या, आत खूप पू होता, आम्ही सगळं धुतलंय, आता तिच्यावर आहे.

प्रांजलवर असेल तर ती सोडणार नाही. मॉनिटर आहे ती.

३० एप्रिल, गुरुवार

सकाळी अकरा दहा.

२ मे, शनिवार

लिहून ठेवतो. ती विचारेल, पान का गाळलंस.

रिपोर्ट आला नव्हता म्हणून प्रांजलला घरी देत नव्हते. पिशवीत बांधली होती. स्मशानात चार माणसांना परवानगी होती. आई, लवूकाका, आणि त्या खुर्चीवाल्या दोन पोरांनी स्वतःहून हात वर केले. त्यांची नावं मी आईला विचारली, तिला माहीत नव्हती. चेहरा बघू दिला नाही. आईला एवढंच विचारायचं होतं की केस विंचरलेत का. कोणाला विचारू, म्हणाली.

मला लवूकाकांनी फोन लावला होता. मी टाकीपाशी उभा होतो. ते म्हणत होते, "झिला, आयकतंस मां?" आणि मी हो म्हणत होतो. पण ऐकू फक्त वारा येत होता, त्यांच्याकडचा की माझ्याकडचा, कळत नव्हतं.

काल दुपारी रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

५ मे, मंगळवार

मानसीला मीच विचारलं. ती सांगायला तयार नव्हती. मी म्हटलं, माझी शपथ आहे. ती म्हणाली, अपेंडिक्स म्हणजे आतड्याची छोटी शेपटी, ती सुजते. सुजली की दुखते. फुटली की आतला ताण जातो, म्हणून थोडा वेळ दुखायचं थांबतं. लोकांना वाटतं बरं झालं. मग विष पोटभर पसरतं.

"म्हणजे शनिवारी सकाळी दहाला," मी म्हटलं.

तिने नुसतं "हं" म्हटलं.

"मी शुक्रवारी अकराला पाय लावला."

"सिद्धेश, पायाने काही होत नाही. बरंही नाही आणि वाईटही नाही. सूज आली होती, ती फुटणारच होती. उशीर झाला. मुलुंडवाल्यांनी परत पाठवलं, रिपोर्टला एक दिवस गेला. तुझा पाय हिमाचलात होता रे."

तिला माझी समजूत घालायचीय. पायाळूच्या पायाने उसण उतरते हे मी वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलंय. ज्या पायाने उतरतं त्याच पायाने फुटणारही. मी ओरडलो होतो, जोरात दाब. आणि ज्या दिवशी तिच्या पोटात विष पसरत होतं त्या दिवशी मी टाकीपाशी फेऱ्या मारत होतो. आणि गोळी. ताप बोलत होता, त्याचं तोंड मी दाबलं.

तिने तेवीस तारखेला सगळं विचारलं होतं. मी चेष्टा केली. ती एकदाही त्याबद्दल बोलली नाही.

११ मे, सोमवार

शिवदासभाऊंची कमर परत धरली. माझ्याकडे बघितलं नाही, स्वतःच तेल चोळत बसले.

२७ मे, बुधवार

परवा भांडुपला पोहोचलो. शेवटी पास मिळाला, व्हॅन घेऊनच आलो, पाच दिवस लागले. बाहेरून आलेल्यांना टेकडीच्या पायथ्याच्या पालिका शाळेत ठेवतात, चौदा दिवस. माझी शाळा. प्रांजलचीही. आम्हा सहा जणांना सातवीचा वर्ग मिळालाय, बाक भिंतीला लावून खाली गाद्या.

भिंतीवर एक तक्ता आहे, मी होतो तेव्हाही होता. मानवी शरीर, आतले अवयव. आज गादीवरून उठून जवळ गेलो आणि बोट फिरवत शोधलं. मोठं आतडं, त्याच्या कोपऱ्यात खाली, उजवीकडे. आंत्रपुच्छ. बारीक अक्षरात. प्रांजलच्या शेरे मारायच्या लाल पेनच्या टोपणाएवढं.

या तक्त्यासमोर मी एक वर्ष बसलो होतो. शेवटच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून.

खिडकीतून आमची टेकडी दिसते. आई दुपारी डबा घेऊन गेटपाशी येते, वॉचमनकडे देते आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहते. आज तिने फोन लावला. आम्ही एकमेकांना दिसत होतो आणि फोनवर बोलत होतो.

"पाय कसे आहेत?" तिने विचारलं.

बरे आहेत म्हटलं.

"एवढ्या लांबून आलंस. सुजले असतील."

मी फोन ठेवला. टोमणा मारायची आईला सवय नाही, पण दुसरं काय असणार?

९ जून, मंगळवार

घरी आलो. एकशे चौदा पायऱ्या मोजल्या. चाळीत दारं अर्धी उघडी.

लांबून घरी आलेल्याच्या पायांवर उंबऱ्याबाहेर पाणी घालायची आमच्याकडे रीत आहे. आईने तांब्यात कोमट पाणी आणलं. घालून बाजूला होईल असं वाटलं, पण ती खाली बसली आणि हाताने पाय चोळायला लागली. मी मागे घेतले.

"आई, हात नको लावू त्यांना."

"ठेव."

"नको म्हणतोय ना!"

तिने घोटा धरून पाय परत ओढला. वर न बघता म्हणाली, "तू पाय लावलंस तो दगडावर. दाबणारी मी होते. हळू म्हणाली ती. मी दाबलं."

बहुतेक माझी समजूत घालण्यासाठी म्हणाली. सगळे तेच करतात. ती बराच वेळ चोळत राहिली. तांब्या कधीचा रिकामा झाला होता.

घरात प्रांजलचं दप्तर खुंटीला आहे. लाल पेन बाजूच्या खणात.

१४ जून, रविवार

सकाळी गॅलरीत धप्प आवाज झाला. बाहेर गेलो तर लवूकाका. पालथे पडलेले, तोंड भिंतीकडे. सदरा वर केलेला. बरगड्या मोजता येतात आता.

मी दारातच थांबलो. म्हटलं, "काका, उठा."

त्यांनी सदरा आणखी वर ओढला.

"काका, मी आता नाही लावत. औषध आणून देतो खालून."

ते भिंतीलाच म्हणाले, "खुर्ची उतरवल्यापासून धरलाहा. दीड महिनो झालो. औषधान जाना नाय."

शेजारच्या दारात मानसी उभी होती. कालच तिला घरी सोडलंय, चार दिवसांची सुट्टी. मला वाटलं, ही तरी म्हणेल की पायाने काही होत नाही. ती माझ्या पायाकडे बघत राहिली.

मी डावा पाय उचलायला गेलो आणि गुडघाच वळेना. तसाच उभा. मग मागून आई आली. हात कणकेचे होते. खाली वाकली, माझा घोटा धरला, उचलला आणि काकांच्या पाठीवर ठेवला. एकदा. परत उचलला, परत ठेवला. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा तिने स्वतःचा हात माझ्या पायावर ठेवला आणि काढलाच नाही. दाबला नाही, नुसता ठेवला. काकांची पाठ खालून हलत होती. श्वासाने नाही, ते रडत होते.

मानसी आत गेली आणि पाणी घेऊन आली, ते तिच्या हातातच राहिलं.

शेवटी काका म्हणाले, "पुरे." उठून गेले. बिस्किटाचा पुडा ठेवून गेले.

कमर उतरली की नाही, मी विचारलं नाही.

हे सगळं संध्याकाळी लिहिलं. सात वाजले तेव्हा सवयीने उठून उभा राहिलो आणि हे पान मोठ्याने वाचलं. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तवा धुरायला लागला तरी तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग पाठमोरीच म्हणाली,

"चांगले. पण नखे काप."